मास्तरांचा अर्धा तास

मास्तरांनी सांगितलेली वेळ आणि खरी वेळ यांच्यात अर्ध्या तासाचा फरक असायचाच, आणि ही गोष्ट त्यांच्या बायकोपासून विमानतळावरच्या मांजरापर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. गाडी साडेपाचची असली की मास्तरांच्या घरात ती पाचची असे. डॉक्टरने दहाला बोलावलं असलं की मास्तर घरच्यांना साडेनऊला दवाखान्याच्या बाकावर नेऊन बसवत आणि वर "बघा, कशी जागा मिळाली" म्हणून खूश होत. बायकोने वीस वर्षं कटकट केली आणि मग नाद सोडला. लेक मात्र हुशार. सहा वर्षांची असतानाच तिने हिशेब मांडला होता, "बाबांचे पाच म्हणजे साडेपाच." तेव्हापासून ती बाबा हाका मारायला लागले की निवांत वेणी घालत बसायची, आणि गाडी तिची कधी चुकली नाही.

आता ती वैमानिक झाली होती आणि मास्तर त्याच विमानतळावर उड्डाणांचे हिशेब करत होते. मास्तर हे काही त्यांचं नाव नव्हे. नव्या वैमानिकांना ते वाऱ्याचं गणित शिकवत, म्हणून चिकटलेली उपाधी.

विमानतळ म्हणजे तरी काय, माळावर एक धावपट्टी, एक टँकर, पत्र्याची शेड आणि तीन खोल्या. इथून उडणारं नऊ आसनांचं विमान समुद्र ओलांडून पलीकडच्या बेटावर उतरायचं. बेटावरही अशीच एक एकटी धावपट्टी. मध्ये चारशे दहा सागरी मैल पाणी, आणि वाटेत उतरायला कुठे हातभर जागा नाही. अंतर रोज तेच. वेळ मात्र रोज वेगळी, कारण समोरून वारा आला की विमान रखडतं आणि पाठीमागून आला की पळत सुटतं. त्या काळी वाट दाखवणारी यंत्रं विमानात नव्हती. वैमानिकाकडे कंपास होता, घड्याळ होतं आणि मास्तरांनी काढून दिलेली वेळ होती.

त्या वेळेवरून इंधन भरायचं. कंपनीचा नियम असा, की मास्तरांची वेळ आणि वर पाऊण तासाचं जादा. नियमाचं ते जादा कागदावर उघड लिहिलेलं असे. पण मास्तर स्वभावाला जागून मूळ वेळेतच गुपचूप आपला अर्धा तास मिसळत. हेही सगळ्यांना ठाऊक होतं. विमानाचं वजन भरलेलं असलं आणि आणखी एखादा उतारू गयावया करत उभा राहिला, की वैमानिक टँकरवाल्याला डोळा मारून म्हणत, "मास्तरांचा अर्धा तास काढ रे." अर्ध्या तासाचं इंधन म्हणजे वजनाने एक माणूस आणि त्याची बॅग. उतारू पोचायचा, विमान पोचायचं, नियमाचं जादा टाकीत तसंच शाबूत राहायचं. मास्तरांना हे कळत होतं आणि ते मूग गिळून बसत. विमानतळाच्या साहेबांना विचाराल तर त्यांनी कानांवर हात ठेवले असते. तोंडाने कुणी कधी काही बोललंच नव्हतं.

मग लेक कॅप्टन झाली. त्या रात्री स्वयंपाकघरात ती आईशी बोलत होती आणि मास्तर बाहेर चपला शोधत होते.

"आई, सगळे हसतात गं. बाबा माझ्या उड्डाणाच्या कागदावर दोन-दोनदा फुली मारून तपासतात. दप्तर घेऊन शाळेत सोडायला आल्यासारखं वाटतं."

"बाप आहे तो," आई म्हणाली.

"हो, पण तिथे मी कॅप्टन आहे ना?"

मास्तरांना ते लागलं. चांगलंच लागलं. चपला न घालताच ते अंगणात दोन फेऱ्या मारून आले आणि त्यांनी मनाशी ठरवलं, की पोरीच्या कॅप्टन म्हणून पहिल्या उड्डाणाला आपण तिला स्वच्छ वेळ द्यायची. चिमूटभरही भेसळ नाही. आपल्या बापाने आपल्याला मोठं मानलं, हे तिला सांगायची काही गरज नव्हती. आणि सांगणार तरी कसं? जे आजवर कधी घातलंच नव्हतं असं सगळे दाखवत आले होते, ते आज काढलं म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचं?

तर आठ दिवसांनी, त्या पहिल्या उड्डाणाच्या सकाळी मास्तरांनी कागदावर लिहिलं, तीन तास वीस मिनिटं. लेकीने कागद घेतला, सलामासारखा हात कपाळाला लावला आणि गेली. दहाला विमान उडालं. मास्तरांनी खिडकीतून ते दिसेनासं होईपर्यंत पाहिलं आणि मग उगाचच फडक्याने टेबल पुसलं.

अकरा वाजून गेल्यावर टँकरवाला हात पुसत खोलीत आला. इंधनाची पावती त्याने खिळ्याला अडकवली आणि स्टुलावर बूड टेकलं.

"पोर तुमच्यावर गेली हो, मास्तर. दिलदार."

"का रे?"

"ती बाई नव्हती का सकाळपासून दारात? जिचा नवरा तिकडे बेटावर दवाखान्यात आहे? जागा होती पण वजन बसत नव्हतं. साहेब म्हणाले, चार दिवसांनी या. बाई तिथेच मटकन बसली. तर आपल्या कॅप्टनबाई म्हणाल्या, घ्या हिला." टँकरवाला हसला. "मला म्हणाल्या, बाबांचा अर्धा तास काढा. त्यांचे पाच म्हणजे साडेपाच."

मास्तर हसले नाहीत. ते उठून उभे राहिले आणि पुन्हा खाली बसले.

"काढलास?"

"काढला की. नेहमी काढतो तसा."

"अरे, आज तो नव्हताच रे!"

टँकरवाल्याला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "नव्हता म्हणजे? तुम्ही... तुम्ही आणि घातला नाहीत?"

मास्तरांनी भराभर हिशेब केला. नियमाचं पाऊण तासाचं जादा, त्यातला अर्धा तास गेला, राहिली पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटांत काही बुडत नाही. वारा सकाळसारखाच राहिला तर पोर पोचते, जरा घाम फुटेल इतकंच. वारा सकाळसारखा राहिला तर. त्यांनी बेटाशी बोलायचा बिनतारी संच ओढला. पलीकडच्या माणसाला मास्तर आवाजाने बारा वर्षं ओळखत होते, तोंड कधी पाहिलं नव्हतं.

"काय वारा आहे तुमच्याकडे?"

"सुटलाय चांगलाच," पलीकडचा म्हणाला. "तासाभरात वाढलाय. आता आमच्याकडून सरळ तुमच्याकडेच निघालाय बघा." आणि त्याने आकडा सांगितला.

मास्तरांनी तो आकडा मांडला. तीन तास वीस मिनिटांचे तीन तास पन्नास झाले होते. टाकीत इंधन होतं तीन तास पस्तीस मिनिटांचं. पोर बेटाच्या पंधरा मिनिटं अलीकडे पाण्यात पडणार होती, आणि तिच्यासोबत आठ माणसं.

दार उघडंच होतं. साहेब आत आले होते आणि टँकरवाल्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. "काय झालं?"

मास्तरांनी सांगितलं. साहेब ऐकत गेले आणि सवयीने म्हणाले, "कसला अर्धा तास? मला तर यातलं काही..." मग त्यांनी मास्तरांकडे पाहिलं आणि पुढचं वाक्य सोडून दिलं. "परत बोलवा तिला. आत्ता. वारा पाठीवर घेऊन येईल, आरामात पोचेल."

"रेडिओच्या टप्प्यात असली तर."

विमानाशी बोलायचा इथला रेडिओ उडाल्यापासून सव्वा तास, फार तर दीड तास त्याला धरून ठेवायचा. त्यापुढे बेटाचा रेडिओ पकडेपर्यंत मोठी मुकी पट्टी होती. घड्याळात अकरा वीस झाले होते. मास्तरांनी माइक उचलला.

"कॅप्टन, तळावरून बोलतोय. ऐकू येतंय का?"

नुसती खरखर. त्यांनी पुन्हा हाक मारली, आणि पुन्हा. चौथ्या वेळी खरखरीतून आवाज आला, बारीक आणि हसरा.

"बोला, तळ. ऐकते आहे."

रेडिओवर बापलेकीचं अहो-जाहो चालायचं. तिनेच घालून दिलेला नियम.

"कॅप्टन, परत फिरा. समोरचा वारा वाढलाय. तुमचं इंधन पुरत नाही."

मग, "तळ, किती वाढलाय? वेळ काय होते?"

"तीन पन्नास."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. आवाजात हसू तसंच होतं. "तुमचे तीन पन्नास म्हणजे माझे तीन वीस. जादा धरून पोचते. काळजी नको."

"नाही! तसं नाही आज. आजची वेळ स्वच्छ आहे. मी काही घातलेलं नाही."

"तळ, तुमचा आवाज तुटतोय."

"घातलं नाही! सकाळीही नाही आणि आत्ताही नाही! ऐक!"

साहेब पुढे वाकले. "मी सांगू का?" मास्तरांनी मान हलवली. साहेब तरी काय नवं सांगणार होते? तिला वाटणार, बाबांनी साहेबांनाही घाबरवून ठेवलंय. आजवर या माणसाने वाऱ्याची झुळूक आली तरी वादळ सांगितलं होतं, पाऊस येण्याआधी दोन छत्र्या हातात दिल्या होत्या. आज खरं वादळ सांगायला त्याच्याजवळ तेवढंच जुनं, वापरून गुळगुळीत झालेलं तोंड होतं.

"बाळ," मास्तर म्हणाले. रेडिओवर हा शब्द पहिल्यांदाच उमटला. "तू आईला म्हणालीस ना, मी तुला शाळेत सोडायला येतो म्हणून? मी ऐकलं ते. म्हणून आज काढून टाकला. तू कॅप्टन झालीस, तुला मोठ्या माणसासारखी वेळ द्यावी म्हटलं. तुला सांगितलं नाही, ही माझी चूक. टाकीत खरंच नाहीये गं. परत ये."

खरखर. मग तिचा आवाज, आता हसू नसलेला. "बाबा..." आणि पुढचं काही खरखरीत विरून गेलं. दोन शब्द असतील किंवा चार. टँकरवाल्याला वाटलं "येते" म्हणाली. साहेबांना वाटलं "बघते" म्हणाली. मास्तरांना काहीच वाटलं नाही, कारण त्यांना ते ऐकूच आलं नव्हतं.

"फिरली असेल तर टप्प्याच्या काठावरच आहे," मास्तर म्हणाले. "दहा मिनिटांत आवाज आला पाहिजे."

तिघे रेडिओभोवती उभे राहिले. दहा मिनिटं गेली. मास्तरांनी हाका मारल्या. पंधरा गेली. टँकरवाला स्टुलावरून उठून दारात गेला, पुन्हा आत आला, आणि सारखा एकच वाक्य बोलत राहिला, "मी विचारायला हवं होतं हो, मी विचारायला हवं होतं." शेवटी साहेबांनी त्याला शेडमध्ये पाठवून दिलं, काहीतरी काम काढून.

पावणेबाराला मास्तरांनी बेटाशी पुन्हा संधान बांधलं. "तुमच्याकडे बोटी किती आहेत?"

पलीकडच्या माणसाने एकही प्रश्न न विचारता सांगितलं, "मासेमारीच्या चार आहेत. काढायला लावतो. पण समुद्र उभा राहिलाय, मास्तर. किती लांब जातील ते सांगवत नाही."

"जातील तितक्या."

फोन वाजला. घरून होता.

"पोचली का हो पोर?" बायको विचारत होती. रोजचाच प्रश्न, रोजच्याच आवाजात, मागे नळ वाहत होता.

"वेळ आहे अजून."

"किती?"

इतकी वर्षं या प्रश्नाला मास्तरांकडे तयार उत्तर असायचं. आज त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "कळवतो," म्हणाले आणि फोन ठेवला. बायकोने तो लगेच पुन्हा लावला नाही, यावरून कळत होतं, की तिला काय ते समजलंय.

बारा वाजले. आता मास्तरांना खात्री झाली होती, की तिने विश्वास ठेवला नाही. आणि का ठेवावा? त्यांचा तिच्यावर राग नव्हता. राग होता तो स्वतःवर. स्वतःच्या त्या मायाळू, भित्र्या, लबाड अर्ध्या तासावर. प्रेम म्हणून आयुष्यभर थोडं थोडं खोटं बोललो, आणि ज्या एका दिवशी प्रेम म्हणून खरं बोललो त्याच दिवशी पोर गमावली. ते खुर्चीत बसले नाहीत. बसलो तर उठवणार नाही अशी त्यांना भीती वाटत होती. साहेबांनी आणलेलं पाणी तसंच पडून होतं.

बारा वाजून सात मिनिटांनी खरखर झाली.

"तळ. परत येते आहे. एक वाजायच्या आत उतरेन." आवाज कोरडा होता, मोजका. "इंधन पुरेसं आहे. उतारू ठीक आहेत."

साहेबांनी भिंतीला पाठ टेकली. मास्तरांनी माइक धरला, बटण दाबलं आणि तो साहेबांपुढे धरला. साहेबांनीच उत्तर दिलं आणि घरी फोनही त्यांनीच लावला.

विमान उतरलं तेव्हा मास्तर धावपट्टीच्या कडेला उभे होते. वाऱ्याने त्यांचा सदरा फडफडत होता. उतारू उतरले, कुणी पुटपुटत, कुणी उलट्या करून पांढरे पडलेले. सगळ्यांच्या शेवटी लेक उतरली. ती सरळ त्यांच्याकडे चालत आली आणि दोन हातांवर थांबली.

"उशीर का केलास?" मास्तरांच्या तोंडून तेच निघालं. "मी सांगितलं तेव्हाच फिरली असतीस तर..."

"तेव्हा नाही फिरले." तिने टोपी काढली. केस घामाने कपाळाला चिकटले होते. "तुम्ही एवढं बोललात, बाबा, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. आणि तरी मला ठरवता येईना, की हे खरं आहे की मला परत आणायला केलेलं आणखी एक तुमचं काहीतरी. मग म्हटलं, खडकापर्यंत जाऊन बघू. पाण्यातून वर आलेला तो पक्ष्यांचा खडक. तिथून परत फिरता येईल एवढं इंधन होतं, ते मी आधी मोजलं. तुमची सकाळची वेळ स्वच्छ असेल तर वारा धरून खडकावर मी अकरा पन्नासला यायला हवं होतं, भेसळ असती तर बरीच आधी."

"मग?"

"अकरा एकोणपन्नासला आले." तिने त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. "तुमच्या शब्दावर नाही फिरले. घड्याळावर फिरले. राग आला?"

मास्तरांना आनंदही झाला आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं, दोन्ही एकदमच. "बरं केलंस," ते म्हणाले. "कॅप्टनने असंच करावं." मग त्यांनी तिचा हात हातात घेतला तर तो बर्फासारखा गार होता, आणि तेव्हा कुठे त्यांना रडू फुटलं. तीही रडली. साहेब दुसरीकडे बघत राहिले.

तेवढ्यात ती बाई आली. सगळे उतारू शेडमध्ये गेले होते, ती तेवढी बॅग उराशी धरून तिथेच उभी राहिली होती.

"का परत आणलंत?" तिने विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

"इंधन कमी होतं," लेक म्हणाली. "मी कमी भरलं होतं. माझी चूक झाली."

"तिची नाही," मास्तर म्हणाले. "माझी. मी तिला..."

"ते तुमचं तुम्ही बघा." बाईने त्यांना मध्येच थांबवलं. "मला एवढं सांगा, मी कधी पोचेन? त्यांना रात्री शुद्ध होती. सकाळी नव्हती. मी कधी पोचेन?"

साहेब घाईघाईने म्हणाले, "लवकरच, बाई. अगदी लवकर. तुम्ही आत बसा." बाईने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती मास्तरांकडे बघत होती. इथे वेळ हा म्हातारा सांगतो, हे तिने सकाळपासून दारात बसून पाहिलं होतं.

लेकही त्यांच्याकडे बघत होती.

मास्तरांच्या जिभेवर सवयीने आलं होतं. संध्याकाळपर्यंत. उद्या सकाळी. असं काहीतरी, ज्याने ती उठून चालू लागेल, आत जाऊन बसेल, दोन घास खाईल. त्यांनी मान वर करून वाऱ्याकडे पाहिलं. शेडवरचे पत्रे वाजत होते आणि वारा कमी व्हायचं लक्षण नव्हतं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "वारा पडल्याशिवाय विमान सोडणार नाही. तो कधी पडेल ते मला सांगता येत नाही. आज रात्रभर कदाचित पडणार नाही. तुम्ही वेळेत पोचाल की नाही, हेही मला माहीत नाही, बाई."

बाईने मान हलवली, बॅग खाली ठेवली आणि त्यांच्या पायाशी धावपट्टीच्या कडेलाच बसली. थोड्या वेळाने लेक तिच्या शेजारी बसली. मग मास्तरही बसले.